म्युनिसिपाल्टीची शाळा, स्थापना १६३५

इथे अमेरिकेत, बॉस्टनमध्ये, शेजारच्या मुलाला बॉस्टन लॅटिन स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, हे मी ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या आत्याला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "फी किती गं?" काहीच नाही म्हटल्यावर म्हणाली, "म्हणजे म्युन्सिपाल्टीची? मग एवढं कौतुक कसलं?"

हो, म्युनिसिपाल्टीचीच. सातवी ते बारावी, बॉस्टन शहरात राहणाऱ्या मुलांसाठी, फुकट. आणि तिथे प्रवेश मिळावा म्हणून इथले आईबाप जिवाचं रान करतात. घोडबंदर रोडवरच्या शाळांच्या फीचे आकडे ऐकत आलेल्या ठाणेकरांना हे सांगायलाच हवं.

शाळा सुरू झाली २३ एप्रिल १६३५ रोजी. शिवाजी महाराज तेव्हा पाच वर्षांचे होते आणि ठाणं पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. हार्वर्डची स्थापना त्याच्या पुढच्या वर्षीची. बेंजामिन फ्रँकलिन आठव्या वर्षी इथे दाखल झाला, पण वर्ष पुरं व्हायच्या आत वडिलांनी त्याला काढून घेतलं. तरी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी जे पाच जण या शाळेत शिकले, त्यांत त्याला आवर्जून मोजतात. जुनी इमारत जिथे होती त्या स्कूल स्ट्रीटवर आज त्याचा पुतळा आहे, आणि फूटपाथमध्येच रंगीत तुकड्यांची नक्षी बसवली आहे, ठिकरी खेळायला आखतात तशा चौकोनांची. येणारीजाणारी पोरं त्यावरून लंगडी घालत जातात.

मला सगळ्यात भिडते ती लव्हेल बापलेकांची हकिकत. जॉन लव्हेल मुख्याध्यापक, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ. मुलगा जेम्स त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षक, आणि कट्टर बंडखोर. १९ एप्रिल १७७५ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा जॉन मास्तरांनी "युद्ध सुरू झालं, शाळा संपली" म्हणून मुलांना घरी पाठवलं, असं सांगतात. पुढे इंग्रजांनी जेम्सला कैद केलं. १७७६ मध्ये इंग्रज फौज बॉस्टन सोडून हॅलिफॅक्सला निघाली, तेव्हा बाप तिच्याबरोबर आपण होऊन गेला आणि मुलगा कैदी म्हणून नेला गेला. बाप तिकडेच वारला. मुलगा सुटून आला आणि नव्या देशाच्या काँग्रेसमध्ये बसला.

लॅटिन आजही सक्तीचं. सातवीच्या वर्गाला इथे 'सहावा वर्ग' म्हणतात आणि बारावीला 'पहिला', म्हणजे नव्या मुलांचं नाव 'सिक्सी'. पाठ केलेला उतारा सगळ्यांसमोर उभं राहून म्हणून दाखवायची प्रथाही टिकून आहे. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये घडलेल्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको.

कॉलेजला न जाणाऱ्या मुलांसाठी शहराने १८२१ मध्ये इंग्लिश हायस्कूल काढलं, अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल. त्याच वर्षी पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. लॅटिन आणि इंग्लिश या बॉस्टनच्या दोन शाळांमध्ये १८८७ पासून थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो.

आता कौतुकापलीकडचं. मुलींना या शाळेचं दार उघडलं थेट १९७२ मध्ये. तोवर त्यांची लॅटिन शाळा वेगळी होती. प्रवेश परीक्षेवर, त्यामुळे जागा कोणाला यावरून भांडण कायमचं. सत्तरच्या दशकात कोर्टाच्या आदेशानंतर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतल्या) मुलांसाठी ३५ टक्के जागा ठेवल्या गेल्या. नव्वदच्या दशकात प्रवेश हुकलेल्या गोऱ्या मुलींच्या वडिलांनी खटले भरले आणि १९९८ मध्ये अपील कोर्टाने वंशाचा निकष मोडीत काढला. कोविडमध्ये परीक्षा घेता आली नाही, तेव्हा शाळेतले मार्क आणि राहता भाग बघून प्रवेश दिले. त्यावरही पालक कोर्टात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. आता मुलाच्या वस्तीची आर्थिक स्थितीही विचारात घेतात. मला हे पटतं. महागडे क्लास लावणारं घर आणि दोन नोकऱ्या करून भाडं भरणारं घर यांना एकाच मार्काने तोलणं मला न्यायाचं वाटत नाही.

पण त्या भांडणाचाही मला हेवा वाटतो. महापालिकेच्या शाळेतली एक जागा मिळावी म्हणून आईबाप सुप्रीम कोर्टापर्यंत जातात! ठाण्यात आम्ही शाळेत होतो तेव्हा ओळखीतल्या कोणी पालिकेच्या शाळेचा अर्जसुद्धा आणला नव्हता. तो आणायला रांग लागलेली मला बघायची आहे.