मे महिन्यातला क्लास-ए: हीट सिंक, कुलर आणि फीडरचं व्होल्टेज

मंडळी, माझा जेएलएच, म्हणजे जॉन लिन्स्ले हूडच्या सर्किटवरचा क्लास-ए ॲम्प्लिफायर, भर उन्हाळ्यातही रोज चालू आहे. क्लास-ए म्हणजे आवाज असो वा नसो, सतत पूर्ण करंट ओढणारा. हूडने १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात दिलेलं तेच १० वॅटचं सर्किट, २एन३०५५ ट्रान्झिस्टरवर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट, १.२ अँपिअर. म्हणजे चॅनलमागे ३२ वॅट, दोन्ही मिळून ६५, गाणं लागो न लागो.

आर्वीकडे पारा ४५ ला टेकतो, म्हणून फारसा न तापणारा क्लास-डी ॲम्प घे असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण शांत बसलेला माणूसच साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ॲम्पची त्याहून कमी. खोली तापवतो तो डोक्यावरचा स्लॅब.

काळजी करायची ती ॲम्पच्या पोटातली. माझा सिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातू, वॅटमागे ०.८ अंश चढतो, म्हणजे चॅनलच्या ३२ वॅटला खोलीपेक्षा २६ अंश जास्त. खोली ४० वर असली की सिंक ६६. ट्रान्झिस्टरच्या आत आणखी ३० धरा, तरी शंभराच्या आत, आणि २एन३०५५ ची मर्यादा २०० आहे. सिलिकॉन तगतं. मरतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: दर १० अंशांना आयुष्य निम्मं. म्हणून सगळे १०५ अंशांचे घेतले आणि सिंकपासून लांब, कॅबिनेटच्या थंड टोकाला नेले. सिंक बाहेरच्या बाजूला, पाती उभी.

कुलरचा झोत सिंकवर घेऊ नका, पाण्याचे तुषार येतात. माझा कुलर खिडकीत, ॲम्प आडबाजूला. वसंतराव देशपांडे ऐकायचे ते रात्री, कुलर स्लो करून. मूर्तिजापूरचा हा गळा एका वॅटवरही खोली भरतो, आणि त्या एका वॅटमधली सफाई क्लास-एमध्येच मिळते, असं माझं ठाम मत आहे.

खरा त्रास फीडरच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनच्या, व्होल्टेजचा. शेतातल्या मोटारी सुरू असल्या की २००, बंद झाल्या की २५०. या सर्किटमध्ये पुरवठ्याबरोबर बायसचा, म्हणजे गाणं नसतानाही वाहणारा, करंटही चढतो, त्यामुळे २५० ला चॅनलमागचे ३२ वॅट ३८ होतात. आता ट्रान्सफॉर्मर बदलून कच्चे ३४ व्होल्ट घेतलेत आणि ते २७ वर स्थिर धरायला प्रत्येक चॅनलला एलएम३३८ रेग्युलेटर लावलाय. २५० ला तो स्वतः १२ वॅट खातो, म्हणून त्याला वेगळा सिंक. एकूण उष्णता वाढली हे खरं, पण बायस जागचा हलत नाही.

पुढचं काम: सिंकवर ७५ अंशांचा थर्मल कटआउट, म्हणजे तेवढं तापलं की वीज तोडणारा स्विच.