सुईच्या टोकाएवढा ठिपका

लाकडी झडपांच्या खिडक्यांना ऑइलपेंट मारायचा होता. झडपांच्या फटीत ब्रश घालत बसलं की दिवस जातो, म्हणून हातात धरायची एअरलेस गन काढली, म्हणजे हवेशिवाय नुसत्या दाबाने रंग फवारणारी. गनचं तंत्र सोपं असतं. फळीपासून साधारण एक फूट अंतर ठेवायचं, मनगट न वळवता अख्खा हात सरळ न्यायचा, आधी हात चालू करायचा आणि मगच ट्रिगर दाबायचा. थांबलेल्या हाताने ट्रिगर दाबला की ओघळ आलाच. नाकावर वाफ गाळणारा मास्क होता, दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. वाफेची सगळी काळजी घेतली होती.

चूक दुसरीकडे झाली. डबा आधी अर्धा वापरलेला होता, वर साय धरली होती. ती काढली, रंग ढवळला, पण कापडातून गाळायचा आळस केला. तिसऱ्या खिडकीला फवारा एका बाजूने तुटायला लागला, मग थुंकल्यासारखे थेंब उडाले. टिप, म्हणजे फवारा निघतो ते तोंड, उलटी फिरवून एकदा साफ केली, पुन्हा अडकली. मी मदतनीस पोराच्या हातात गन दिली आणि गाळायला फडकं शोधायला गेलो. ट्रिगरचं लॉक लावलं नाही, आतलं प्रेशर सोडलं नाही. बोट लागू नये म्हणून टिपेभोवती असतं ते कडं तर महिनाभरापूर्वीच तुटलेलं.

त्याने बोटाने टिप पुसली आणि त्याच वेळी ट्रिगर दबला.

"काही नाही मामा, टोचल्यासारखं झालं."

डाव्या तर्जनीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका. रक्त जवळजवळ नाहीच, दुखतही नव्हतं. टर्पेंटाइनने बोट पुसून तो कामाला लागणार होता. मीही लागू दिलं असतं, पण काम शिकताना एका जुन्या पेंटरचं अर्धं बोट पाहिलं होतं. गाडीच्या टायरात हवेचा दाब ३०-३५ पीएसआय असतो. या गनमधून रंग १,००० पीएसआयच्या वरच्या दाबाने निघतो. कातडीला एवढंसं भोक पाडून तो आत स्नायूबंधाच्या कडेने पसरतो. बोट सुजतं, रक्त पोहोचत नाही आणि आतलं मांस मरायला लागतं. पहिले काही तास वरून काहीच कळत नाही.

दवाखान्यात पहिल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी जायला सांगितलं. मी हटलो नाही. सोबत नेलेला डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, हे वरून लागलेलं नाही, प्रेशरने आत गेलंय." मग हाताचे सर्जन आले. त्यांनी डब्यावरचा मजकूर वाचला, किती वाजता झालं एवढंच विचारलं आणि थेट ऑपरेशनला घेतलं. ठिपका बोटाच्या टोकाला होता, रंग निघाला तळहाताच्या सुरुवातीपर्यंत.

बोट वाचलं. पूर्ण मिटत मात्र नाही अजून.

त्या धावपळीत गन तशीच भरलेली राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर रंग आत दगडासारखा बसला होता. फेकून दिली. उरलेल्या खिडक्या ब्रशने पूर्ण केल्या.