दत्तकपत्र कुठे चालतं आणि कुठे अंगाशी येतं

‘वकिलाकडून दत्तकपत्र करून घेतलं की झालं ना?’ मूल घेऊ पाहणारी बहुतेक जोडपी हेच विचारतात. याचं उत्तर मूल कुठून येतंय यावर ठरतं. सख्ख्या दिराचं मूल मांडीवर घ्यायचं असेल तेव्हाचा कागद आणि एखाद्या नर्सिंग होममधून ‘एक बाळ द्यायचंय’ असा निरोप आल्यावर केलेला कागद दिसायला एकसारखेच असतात. पहिला मुलाला वारस करतो. दुसरा पोलिसांच्या हाती आयता पुरावा देतो.

आधी पहिला प्रकार. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा लागू आहे. जन्मदाते आई-बाप स्वतः मूल देतात आणि घेणारे घेतात, असा थेट व्यवहार तो मान्य करतो. अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. घरात मुलगा, नातू किंवा पणतू असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं. मुलाला १५ वर्षं पूर्ण झालेली नसावीत आणि त्याचं लग्न झालेलं नसावं. रूढी असेल तर या शेवटच्या दोन अटींना सूट मिळते. जुन्या मुंबई राज्यात कोणत्याही वयाचा माणूस दत्तक घेण्याची रूढी कोर्टांनी मान्य केली आहे, म्हणून आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांत मोठ्या वयाचे, बायकापोरं असलेले दत्तकपुत्रही भेटतात.

हे दत्तक कोर्टात पडतं ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं, नवरा सही करतो आणि बायकोची संमती कागदावर कुठेच नसते. घेताना जोडीदाराची संमती लागते आणि देताना दुसऱ्या पालकाचीही. दुसरं, मूल देणारा माणूसच चुकीचा असतो. आई-बाप दोघंही गेले आणि आजी, मामा किंवा काकाने मूल देऊन टाकलं, असं घरोघरी होतं. कायद्याने देण्याचा अधिकार आई-बापांनाच आहे. त्यांच्या पश्चात पालक म्हणून मूल द्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी लागते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ‘आई-बाप गेलेली दोन मुलं आहेत, कुणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. तो सगळा प्रकार बेकायदा होता. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काही वाईट नसेलही, पण मुलं पळवणाऱ्यांना याहून सोपी वाट कुठली मिळणार?

तिसरं कारण सगळ्यांत दुर्लक्षित आहे. मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा होम, केलाच पाहिजे असं नाही, पण जन्मदात्यांनी मूल उचलून दुसऱ्यांच्या ओटीत घातलं, हे घडावं लागतं आणि सिद्धही करता यावं लागतं. म्हणून दत्तकपत्रात ‘दत्तक दिले आहे’ एवढंच मोघम वाक्य नको. कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर दिलं ते लिहा. देणाऱ्या-घेणाऱ्या चौघांच्या सह्या, साक्षीदारांची नावं-पत्ते घ्या आणि त्या दिवशीचे फोटो जपून ठेवा. मग कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त असला की दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं आणि खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं. नोटरीच्या शिक्क्याला ही ताकद नाही. हे दत्तक पुढे कुणालाही रद्द करता येत नाही, आणि मूल किंवा संमती मिळवण्यासाठी पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे.

आता दुसरा प्रकार, ज्यात लोक फसतात. अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईने सोपवलेलं मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली येतं. ते परस्पर द्यायचा अधिकार डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ता, सरपंच यांच्यापैकी कुणालाच नाही. ठरलेली पद्धत सोडून असं मूल दिलं किंवा घेतलं, तर कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांची देवाणघेवाण झाली तर कलम ८१ लागतं आणि शिक्षा सक्तमजुरीची, ५ वर्षांपर्यंत होते. मूल ज्याच्या ताब्यात होतं त्यानेच, म्हणजे अगदी हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यानेही, हे केलं असेल तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं.

कागदही न करता आणखी एक युक्ती केली जाते. प्रसूत होणाऱ्या बाईला घेणाऱ्या बाईच्या नावाने दाखल करतात. हॉस्पिटलकडून महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाणाऱ्या जन्माच्या माहितीत आई म्हणून तेच नाव जातं आणि जन्मदाखला अगदी खरा दिसणारा मिळतो. ही खोटी नोंद आहे, आणि पुढे मालमत्तेच्या भांडणात एखाद्या चुलत्याने डीएनए तपासणी मागितली की मुलाच्या हातात काहीच उरत नाही. दत्तकाचा कागद नाही, रक्ताचं नातं नाही, आणि खऱ्या आईचा पत्ता कुणी लिहून ठेवलेला नाही.

गंमत अशी की मूल सोपवू पाहणाऱ्या आईला हे काही करायची गरजच नसते. ती बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीपुढे, जाऊन सोपवल्याचा लेख लिहून देऊ शकते. लग्न झालेलं असेल तर दोघांनी यायचं, अविवाहित आई एकटी चालते. त्यानंतर तिला फेरविचारासाठी २ महिने मिळतात, त्या मुदतीत ती मूल परत मागू शकते. सोपवलेल्या किंवा टाकलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आई-बापांवर एफआयआर नोंदवायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. हे प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं पाहिजे, कारण बाळ कचराकुंडीजवळ ठेवलं जातं ते बहुतेक वेळा पोलिसांच्या आणि लोकांच्या भीतीने.

असं बाळ कुणाला सापडलंच, तर चोवीस तासांच्या आत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, जवळचं पोलिस ठाणं, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी एका ठिकाणी कळवायचं. ‘चार दिवस आमच्याकडे राहू द्या, मग बघू’ हे चालत नाही. न कळवणं हाही गुन्हा आहे. बाळ विशेष दत्तक संस्थेत जातं आणि आई-बापांचा शोध घेतला जातो. २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी २ महिन्यांत आणि त्यापुढच्या मुलासाठी ४ महिन्यांत समितीने ते दत्तकासाठी मोकळं आहे की नाही ते ठरवायचं असतं.

असं मूल घेणाऱ्यांसाठी दार एकच, ‘कारा’चं म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं पोर्टल. नोंदणीनंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन घरची परिस्थिती पाहतो आणि गृहअभ्यास अहवाल करतो. जोडप्याच्या संसाराला किमान २ वर्षं झालेली हवीत. २ वर्षांच्या आतलं मूल हवं तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या वर नको, एकट्याचं वय ४० च्या वर नको. पालक आणि मूल यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. एकटा पुरुष मुलगी घेऊ शकत नाही. गृहअभ्यास अहवाल ३ वर्षं चालतो आणि तान्ह्या बाळाची वाट पाहायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा त्याची मुदत वहीत लिहून ठेवा. मुलाची माहिती पोर्टलवर आली की ४८ तासांत होकार द्यावा लागतो. नोंदवलेला मोबाइल नंबर बंद पडला आणि संधी हुकली, असं होऊ देऊ नका. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यापासून २ वर्षं दर सहा महिन्यांनी भेट असते, तिला घाबरण्यासारखं काही नाही.

मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना १९५६ चा कायदा लागू नाही, पण बाल न्याय अधिनियम कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला आहे. त्यात नात्यातलं दत्तकही आहे: काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. यासाठी पोर्टलवरच्या प्रतीक्षायादीत थांबावं लागत नाही. जन्मदात्यांची संमती लागते आणि मूल ५ वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. भुसावळच्या कोर्टाने एका घटस्फोटित मावशीचा अर्ज ती नोकरी करते, मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही, म्हणून फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. तुमच्याही अर्जावर कुणी असा शेरा मारला तर हा निकाल पुढे ठेवा.

ज्यांच्या घरी रीतसर दत्तक न घेतलेलं मूल आधीच आहे, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. जन्मदाते हयात आहेत, माहीत आहेत, मूल देण्यात पैसा नव्हता आणि १९५६ च्या अटी बसतात, तर साक्षीदारांसमोर मूल रीतसर देऊन-घेऊन दस्त आत्ता नोंदवा. मागची तारीख टाकू नका. जन्मदाते माहीत नसतील, तर कौटुंबिक प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला बरोबर घेऊन बाल कल्याण समितीपुढे जा. चौकशी होईल, मूल काही काळ संस्थेत ठेवलं जाऊ शकतं, आणि वकिलाने हे आधी सांगितलं नाही तर दुसरा वकील बघा.