तुतीची जात ओळखताना: दुसऱ्या हंगामाच्या नोंदी

गेल्या हंगामात मी या झाडाच्या नोंदीवर ‘मोरस नायग्रा’, म्हणजे काळी तुती, असं लिहून मोकळी झाले होते. फळं पिकली की काळीभोर होतात, एवढाच पुरावा हाताशी होता. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की तुतीच्या बाबतीत फळाचा रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. पांढरी तुती, म्हणजे मोरस आल्बा, हिचीच फळं झाडागणिक पांढरी, गुलाबी, जांभळी आणि अगदी काळीसुद्धा निघतात. मग ते नाव खोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ठरवलं, की फांदीवरचे डोळे (न फुटलेले कोंब), पानं, फुलं, फळं यांची नोंद वेगवेगळी ठेवायची आणि सगळं हातात येईपर्यंत जातीचं नाव लिहायचंच नाही.

हे तुती तरी आहे ना, इथून सुरुवात केली. पानाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. पण चीक वड, अंजीर, फणस या साऱ्या भाऊबंदांना असतो, त्यामुळे त्यातून फक्त कूळ कळतं. पानं एकाआड एक, कडा दातेरी, आणि पानाच्या तळापासून तीन ठळक शिरा निघालेल्या. इथे एका सोबत्याकडे लक्ष ठेवावं लागतं, तो म्हणजे कागदी तुती. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला मोरसमध्येच, म्हणजे तुतीच्याच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) बसवलं होतं, १७९९ मध्ये तिला ब्रुसोनेशिया या वेगळ्या प्रजातीत नेलं गेलं. तिच्या कोवळ्या फांद्यांवर दाट लव असते, पानाची खालची बाजू मखमली लागते, काही पानं समोरासमोर येतात आणि मादी फुलांचा गुच्छ चक्क गोल चेंडूसारखा असतो. माझ्या झाडावर यातलं काही नाही.

पानगळीनंतर

निष्पर्ण फांदीवर फार वेळ घालवला नाही. डोळे तपकिरी, आखूड, ४ ते ५ मिलिमीटरचे, एकावर एक खवले असलेले. फांदीच्या अगदी टोकाला खरा डोळा नसतो. टोक वाळून जातं आणि शेवटचा बाजूचा डोळाच टोकाचं काम करतो. हे सगळ्या तुतींना लागू आहे, जात त्यातून ठरत नाही. पण याच दिवसांत मी आठ फांद्यांना रंगीत दोरे बांधून ठेवले: चार उन्हातल्या, दोन आतल्या सावलीतल्या, दोन बुंध्याजवळून जोमाने फुटलेल्या. पुढचं सगळं काम या दोऱ्यांमुळे सोपं झालं.

पालवी ते पूर्ण पान

तुतीचं पान माणसाला फसवतं. एकाच फांदीवर एक पान अखंड, त्याच्या शेजारचं एका अंगठ्याच्या हातमोज्यासारखं, आणि त्याच्या वरचं पाच खोल खाचांचं. दोरे बांधलेल्या फांद्यांवरची ४० पानं मोजली, त्यांत १३ खाचांची निघाली. त्या तेरांपैकी ९ बुंध्याजवळच्या जोमदार फुटव्यांवर होती. उन्हातल्या जुन्या फांद्यांवर बहुतेक पानं अखंड होती. म्हणजे खाचा आहेत की नाहीत, यावर जात ठरवणाऱ्याने आधी पान कुठून तोडलं ते सांगायला हवं. फोटोवरून नाव सांगणारं ॲप मला दर वेळी वेगळं नाव देत होतं, त्याचं कारण हेच असणार. मी दर वेळी वेगळ्या फांदीचा फोटो देत होते.

कामाला आला तो स्पर्श. पूर्ण वाढलेलं पान डाव्या तळहातावर ठेवायचं आणि अंगठा टोकाकडून देठाकडे फिरवायचा. उलट्या दिशेने फिरवला तर लव दबून जाते आणि खरखर कळत नाही. काळ्या तुतीचं पान जाड असतं, वरून बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत, खाली लव, आणि तळ इतका खोल हृदयाकृती की दोन्ही कानांमध्ये देठाचा सांधा झाकला जातो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली लाल तुती, म्हणजे मोरस रुब्रा, हीदेखील वरून खरखरीत, पण खालच्या बाजूला तिची लव मऊ आणि पानभर पसरलेली असते, आणि टोक एकदम निमुळतं होत गेलेलं. पांढऱ्या तुतीचं पान वरून गुळगुळीत आणि चकचकीत. खालची बाजूही जवळपास उघडी, लव असली तर मुख्य शिरांवर तुरळक आणि शिरांच्या बेचक्यांत बारीक झुपक्यांत.

दहापट भिंगाखाली माझ्या झाडाचं पान पालथं धरलं, तेव्हा हे झुपके पहिल्यांदा नीट दिसले. मधली शीर आणि तिच्यातून फुटणारी बाजूची शीर यांच्या कोनात दहा-पंधरा पांढुरके केस, जणू कोपऱ्यात अडकलेली कापसाची कणी. शिरांमधली जागा मात्र स्वच्छ. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, पण पान तिरपं धरून उजेड कडेने घेतला की बेचक्यांत एक फिकट ठिपका जाणवतो. तो कसा शोधायचा हे एकदा कळलं की मग भिंगाशिवायही सापडतो.

इथे दोन आठवडे अडकले होते. बुंध्याजवळच्या फुटव्यावरचं एक पान वरून खरखरीत लागलं आणि मनात लाल तुती शिरली. पांढरी आणि लाल यांचा संकर होतो, तो फळतो, आणि संकराची लव दोघींच्या मधली असते, हे वाचलेलं असल्यामुळे शंका आणखीच वाढली. शेवटी दोरे बांधलेल्या प्रत्येक फांदीवरची तीन-तीन पानं घेऊन चोवीस पानांचा स्पर्श एका बैठकीत नोंदवला. खरखर फक्त दोन जोमदार फुटव्यांवर, तीही पुसट. वरची अठरा पानं गुळगुळीत. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे, की लव आणि खरखर पाहायची ती घेरातल्या, उन्हातल्या, पूर्ण वाढलेल्या पानावर. फुटव्याची पानं नोंदवते, पण निर्णयात धरत नाही.

पानाच्या कडेकडे पाहताना आणखी एक जात यादीतून गेली. मंगोलियन तुतीच्या प्रत्येक दातावर बारीक काट्यासारखं टोक असतं, २-३ मिलिमीटरपर्यंत लांब. माझ्या झाडाचे दात बोथट आहेत.

फुलं

खरं सांगायचं तर या हंगामाचं सगळं चीज या दहा-बारा दिवसांत झालं. गेल्या वर्षी मी फळं फुगायला लागल्यावर भिंग घेऊन बसले आणि उशीर झाला होता. कुक्षी, म्हणजे मादी फुलाचं पराग झेलणारं टोक, सुकून काळे धागे उरले होते, त्यांवरून काही मोजता आलं नाही. या वेळी पालवी फुटताच रोज सकाळी बघत होते.

झाडावर नर आणि मादी दोन्ही कणसं, म्हणजे बारीक फुलांचे घोस, आहेत, पण वेगवेगळ्या फांद्यांवर. तुतीत असं चालतं, काही झाडं पूर्ण नर, काही पूर्ण मादी, काहींवर दोन्ही. नर कणीस लोंबतं, २ ते ३ सेंटिमीटर. प्रत्येक फुलात चार परिदले (पाकळ्यांसारखे भाग) आणि त्यांच्या समोर चार पुंकेसर (पराग देणारे नर भाग). कळीत हे पुंकेसर आत वाकवून दाबून बसवलेले असतात आणि ऊन लागून कोरडे झाले की झटकन सुटतात. पांढऱ्या तुतीवर २००६ साली झालेल्या मोजणीत हा झटका सुमारे २५ मायक्रोसेकंदांचा निघाला, म्हणजे सेकंदाचा चाळीस हजारावा भाग, आणि वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त. मी काळ्या कागदावर एक कणीस ठेवून उन्हात बसले. पुंकेसर सुटताना दिसत नाही. जे बंद फूल होतं ते पुढच्या क्षणी उघडं असतं आणि कागदावर फिकट पिवळ्या पुडीचा एक फुत्कार पडलेला असतो. अर्ध्या तासात एकवीस फुत्कार मोजले. जात ओळखायला याचा उपयोग नाही, पण ज्याच्याकडे तुती आहे त्याने हे एकदा तरी पाहावंच.

आता मादी फूल. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ कोइझुमी यांनी १९१७ साली मोरसचे दोन गट पाडले ते कुक्षीवृंताच्या, म्हणजे अंडाशय आणि कुक्षी यांना जोडणाऱ्या दांडीच्या, लांबीवर: एक लांब कुक्षीवृंताचा, दुसरा आखूड किंवा नसल्यासारख्या कुक्षीवृंताचा. पुढचे पोटगट पाडले ते कुक्षीवर केस आहेत की नुसते बारीक उंचवटे, यावर. मला हे शब्द वाचून नीट उमगत नव्हते, मग एक खूण मनात बसवली: गलोल. अंडाशयाच्या टोकावर कुक्षीचे दोन फाटे असतात. फाटे थेट अंडाशयातून निघाले, तर ती दांडी नसलेली गलोल. आधी एक दांडी आणि मग फाटे, तर ती लांब कुक्षीवृंताची.

सकाळी मादी कणीस तोडलं, ब्लेडने मधोमध उभं कापलं आणि सुईने एक फूल सुटं केलं. हिरवट चार परिदलांनी अंडाशयाला मूठ आवळावी तसं धरलेलं. सुईने वरची दोन परिदलं बाजूला सारली. अंडाशयाच्या माथ्यावरून दोन पांढरे फाटे सरळ दोन बाजूंना पसरलेले, गोगलगाईच्या शिंगांसारखे. दांडी नाही. फाट्यांच्या आतल्या अंगाला बारीक दाणेदार उंचवटे, केस नाहीत. काळ्या तुतीतही कुक्षीवृंत जवळजवळ नसतो, पण तिच्या कुक्षीवर लव असते. म्हणून नुसती दांडी बघून थांबायचं नाही, फाटेही बघायचे. सहा कणसांतली एकूण ३० फुलं पाहिली, तिसांतही हेच.

फळं

आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांचा अख्खा घोस असतो. एकेक मणी म्हणजे एकेक मादी फूल, रसाळ भाग म्हणजे फुगलेली परिदलं, आणि आत जे दातांना कुरकुरतं ते खरं फळ. पिकलेल्या मण्याच्या टोकाला कुक्षीचे सुकलेले दोन धागे अजून दिसतात.

माझ्या झाडाची २० पिकलेली फळं मोजली. लांबी १७ ते २४ मिलिमीटर, देठ ७ ते ११ मिलिमीटर. देठ महत्त्वाचा आहे. काळ्या तुतीचं फळ फांदीला जवळपास चिकटून बसतं, देठ नावापुरता, आणि तोडताना हात रसाने भरतो. माझ्याकडची फळं देठासकट सुटी होतात. हिमालयातली मोरस मॅक्रोउरा विचारात घ्यायची गरज पडली नाही, तिची फळं ६ ते १२ सेंटिमीटर लांब, शेंगेसारखी असतात.

काळ्या तुतीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या पेशीत ३०८ गुणसूत्रं असतात, पांढरीत साधारण २८. अकरा पट! भिंगातून ते दिसणार नाही, पण दोघींची फळं शेजारी ठेवून ‘रंग सारखाच तर आहे’ असं कोणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

तर नाव

घेरातली पानं वरून गुळगुळीत, खाली फक्त बेचक्यांत झुपके, दात बोथट, कुक्षीवृंत नाही, कुक्षी दाणेदार आणि बिनकेसाची, फळ अडीच सेंटिमीटरच्या आत आणि लांब देठाचं. मोरस आल्बा, काळ्या फळांची. वाण कोणता ते लिहिलेलं नाही. पांढऱ्या तुतीचे लागवडीचे वाण पुष्कळ आहेत आणि पान-फुलावरून तिथवर पोचायचा दावा मी करणार नाही. पानं, एक नर कणीस, एक मादी कणीस आणि उभं कापलेलं फूल, असा पूर्ण नमुना वाळवून कागदावर चिकटवला आहे, दोऱ्याच्या रंगासह. तुमच्यापैकी कोणी नमुना करणार असाल तर फुटव्याचं पान आणि घेरातलं पान दोन्ही एकाच कागदावर लावा. पुढे बघणाऱ्याला त्यानेच सगळ्यात जास्त मदत होते.

आता दुसऱ्या झाडाचं. याच्यापासून थोड्या अंतरावर एक ठेंगणी तुती आहे, तिला मी आतापर्यंत ‘तीच, जरा लहान’ असं धरून चालले होते. फुलांच्या शेवटच्या दिवसांत सहज तिचं एक कणीस कापलं आणि भिंगाखाली दांडीची गलोल दिसली. स्पष्ट दांडी, वर दोन फाटे, फाट्यांवर लव. पानाचं टोक शेपटीसारखं लांबलेलं. फळं जेमतेम १ सेंटिमीटर. म्हणजे ही आल्बा नक्कीच नाही. दातांवर काटे नाहीत, तेव्हा मंगोलियनही नाही. मोरस ऑस्ट्रॅलिस आणि मोरस इंडिका अशी दोन नावं समोर आहेत. त्यांतलं इंडिका हे नाव वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या झाडांना लावलेलं असल्यामुळे कोणाचं वर्णन धरून चालायचं, ते आधी ठरवावं लागेल. चारच फुलं हाती लागली होती, तेवढ्यावर लिहिणार नाही. वहीत सध्या ‘मोरस, लांब कुक्षीवृंताचा गट’ एवढंच आहे, आणि तिच्या सहा फांद्यांना काल निळे दोरे बांधून झाले आहेत.