पुस्तकं पोचली, पैसे वाटेत

३ जून, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. बँकेचा मेसेज आला, ‘तुमच्या खात्यातून १,४६० रुपये वजा’. मी फोनवरच होते, पलीकडे पुस्तकांच्या दुकानातल्या काकांचा मुलगा.

“आले का रे पैसे?”

“नाही काकू, बॉक्स वाजला नाही अजून.”

पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा दुकानातला तो बॉक्स पुढचे नऊ दिवस वाजलाच नाही.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही डोंबिवलीत राहतो आणि हे दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिने उतरणं बंद, म्हणून ऑनलाइन मागवायचं ठरवलं. बहिणीची नात देवरुखला असते, १४ जूनला तिचा वाढदिवस. तिच्यासाठी पाच पुस्तकं. मोठ्या साइटवर हीच पुस्तकं अडीचशे रुपयांनी स्वस्त पडत होती. लेकीने फोन माझ्या नाकासमोर धरून ते दाखवलंही. तिला म्हटलं, २०१७ साली इथे साहित्य संमेलन झालं तेव्हा केवढं कौतुक केलं सगळ्यांनी पुस्तकांचं! त्यानंतर आपल्या रस्त्यावरची दोन दुकानं मोबाइलची कव्हरं विकायला लागली. उरलेलं एक तरी टिकू दे. त्यात माझा स्वार्थ आहेच. स्टुलावर बसून अर्धं पुस्तक वाचलं तरी जिथे कोणी हटकत नाही, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

मागवण्यात काहीच अडचण आली नाही. व्हॉट्सॲपवर त्यांची यादी आहे, त्यातून निवडायचं, मुलगा बिलाची रक्कम आणि क्यूआर पाठवतो. (पुस्तकाचं नुसतं नाव कळवू नका. प्रकाशक लिहा किंवा मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन पाठवा. एकाच नावाची दोन पुस्तकं असतात आणि संक्षिप्त आवृत्ती हाती पडली की चिडचिड होते. हे मला आधीच्या वेळी कळलं होतं.) छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात कर दिसला तर विचारा.

आता पैशांचं.

पहिले दोन तास मी ‘येतील’ म्हणत घालवले. मग दुकानाच्या मुलाने नंबर मागितला. मी ॲपमध्ये वरच दिसणारा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक नंबर वाचून दाखवला. तो म्हणाला, सापडत नाही. पुन्हा वाचला. पुन्हा नाही. संध्याकाळी लेक आली तेव्हा कळलं की हवा असतो तो यूटीआर, बारा आकड्यांचा, आणि तो त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत असतो. बँकेच्या नोंदी त्याने शोधतात. माझा अख्खा दिवस चुकीचा नंबर वाचण्यात गेला. तो नंबर देऊनही दुकानाच्या खात्यात काही सापडलं नाही, म्हणजे पैसे माझ्या बँकेतून निघून मधेच कुठेतरी अडकले होते.

दुसऱ्या दिवशी बँकेला फोन. नऊ मिनिटं गाणं ऐकलं, मग बाई म्हणाल्या, “दुकानदाराला विचारा.” दुकानदाराला विचारलंय, म्हटलं. “मग त्यांच्या बँकेला विचारायला सांगा.” काकांच्या बँकेने सांगितलं, पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, पाठवणाऱ्या बँकेला विचारा. झालं! एवढ्यात लेकीने ‘कस्टमर केअर’चा नंबर नेटवर शोधायला घेतला होता, तिच्या हातातून फोन काढून घेतला. असे नंबर कधीही नेटवरून उचलू नका. नंबर कार्डाच्या मागचा किंवा बँकेच्या ॲपमधला घ्या. आणि पैसे परत देतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला तर तो चोर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा फोन. “सात ते दहा वर्किंग डेज लागतील मॅडम.” हे वर्किंग डेज कुठून आले? मी निवृत्त शिक्षिका, नियम वाचायची सवय जात नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक वाचून काढलं. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना आपल्या खात्यातून गेले पण त्याच्यापर्यंत पोचल्याचं कळलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे. दिवस कॅलेंडरचे, रविवार धरून. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता. माणसाकडून माणसाला पाठवले असतील तर मुदत एकच दिवस. माझे पाच दिवस रविवारी, ८ तारखेला संपले.

फोनवर मी हे सांगितलं तर पलीकडे शांतता. मग, “मॅडम, तसं काही माझ्या स्क्रीनवर नाही.”

नसेल. म्हणून सोमवारी लेखी तक्रार दिली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तक्रारीचा पर्याय येतो, तिथे नोंदवा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा. फोनवर बोललेलं हवेत जातं. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा भलतंच दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण मनात अर्ज लिहून तयार होता.

१२ तारखेला १,४६० रुपये परत आले. नुसते तेवढेच. मी परिपत्रकाची तारीख आणि ‘चार दिवस गुणिले शंभर’ असं लिहून ईमेल केला. हे म्हणाले, “चारशे रुपयांसाठी किती जीव खातेस!” आठ दिवसांनी चारशे जमा झाले. मेसेज यांनाच आधी दाखवला.

आणि पुस्तकं? ती कधीच गेली होती. ४ तारखेलाच काकांचा फोन आला होता, “दुसऱ्यांदा पैसे भरू नका, बघू नंतर. नातीचा दिवस चुकायला नको.” त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं आणि पार्सल बांधलं. टपाल खात्याची पुस्तकं पाठवण्यासाठीची ज्ञान पोस्ट १ मे २०२५ला सुरू झाली आहे, तिनेच पाठवलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, वर कर. पार्सल कुठवर आलं ते ऑनलाइन दिसतं. मात्र ते विमानाने जात नाही, तेव्हा हातात दिवस ठेवा. नियतकालिकं त्यात चालत नाहीत. मी एका मासिकाचा जुना अंक घालायला सांगितला होता, तो काकांनी बाजूला काढून ठेवला. पार्सल १० तारखेला देवरुखला पोचलं. नातीने वाढदिवसाची वाट बघितली नाही, हे वेगळं.

पैसे परत आले त्याच संध्याकाळी मी दुकानाला पुन्हा पाठवले. या वेळी फोन कानाला लावूनच बटण दाबलं. दोन सेकंद काहीच नाही, माझ्या पोटात गोळा. मग पलीकडून त्या बॉक्समधली बाई खणखणीत बोलली, “एक हज़ार चार सौ साठ रुपये प्राप्त हुए.” मराठी पुस्तकांच्या दुकानात हिंदी! त्याची भाषा बदलता येते, हे मी काकांच्या मुलाला तेव्हाच सांगितलं. “करतो काकू,” म्हणाला. अजून केलेलं नाही.