तुम्ही विचारलंत म्हणून: पावती मागणारा योद्धा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकत्र बसून गोष्ट रचायचा खेळ खेळतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : यात जिंकतं कोण? कुणीच नाही म्हटलं की दुसरा : मग पन्नास वर्षं लोक हे कशासाठी खेळतायत, तेही मोबाइलवर इतके भारी गेम असताना? माझी आत्या तिसराही विचारते, "संपतो कधी रे?" त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्यातल्या एकाची डोंबिवलीची शेवटची लोकल असते, तेव्हा.

दुसऱ्या प्रश्नासाठी एका पुलाची गोष्ट सांगावी लागेल.

या खेळात मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंच, दोन्ही. बाकीचे एकेक पात्र घेतात : योद्धा, चोर, जादूगार. समोर काय आहे ते मी सांगतो आणि विचारतो, "काय करता?" जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

तर नदीवर पूल, पुलावर राक्षस. सोन्याची शंभर नाणी द्या, नाहीतर जीव. मी दोन रात्री बसून ग्राफ पेपरवर पूल काढला होता. कठडा कुठे तुटलाय, नदीत पडलेल्याला प्रवाह किती ओढेल, सगळं. लढाई होणार हे मी धरूनच चाललो होतो. आमचा योद्धा बँकेत नोकरीला आहे. तो म्हणाला, "पावती देतोस का?"

नियमांच्या पुस्तकात पावती नाही. मी राक्षसाच्या आवाजात विचारलं, "पावती म्हणजे?"

"अरे, हा पैसा वर जात असेल ना? मग हिशेब कोण मागतं तुझ्याकडे?"

म्हटलं, टाक दान. पंधरा किंवा जास्त हवे होते, सतरा पडले. अर्ध्या तासाने तो राक्षस रडकुंडीला येऊन सांगत होता की मालकाने तीन वर्षांत एकदाही पगार दिलेला नाही. (त्याला मालक आहे हे मलाही तेव्हाच कळलं.) माझा नकाशा घडीसुद्धा न मोडता परत पिशवीत गेला.

कॉम्प्युटर गेममध्ये 'लढा' आणि 'पैसे द्या' अशी बटणं असती. 'पावती मागा' हे बटण कुणाच्या डोक्यात आलं असतं? इथे समोर माणूस बसलेला असतो. त्याला काहीही विचारता येतं, आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

ही मोकळीक खेळात जन्मापासून आहे, बरीचशी अपघातानेच. 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो विकायला काढला. पहिल्या प्रती एक हजार, एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका. दोघंही खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया खेळणारे. आर्नसनने मिनियापोलिसकडच्या आपल्या टोळीत फौजेऐवजी एकेकाला एकच माणूस देऊन बघितला आणि तिथून सगळं फिरलं. पण त्या पुस्तिका म्हणजे अर्धवट काम! लढाईसाठी गायगॅक्सचं आधीचं 'चेनमेल' हे पुस्तक तुमच्याकडे असेलच असं धरलेलं, रानातल्या प्रवासासाठी चक्क दुसऱ्या कंपनीच्या खेळाचा पट वापरा म्हणून सांगितलेलं. नुसतं वाचून खेळता येईना. मग जो तो आपापल्या परीने गाळलेल्या जागा भरू लागला, आणि भरलेलं आपलं वाटू लागलं. माझ्या मते खेळ टिकला तो त्या गाळलेल्या जागांमुळे. पुढे जाडजूड पुस्तकं आली, आवृत्त्यांवर आवृत्त्या आल्या (चौथी मला तरी पचली नाही), पण ती सवय गेली नाही.

1980 च्या दशकात अमेरिकेत 'ही सैतानाची पूजा आहे' म्हणून ओरड झाली, तीही पचली. 2016 मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली, तिच्यातली मुलं हाच खेळ खेळतात, आणि नवी गर्दी आली, हे खरंच. पण मालिका बघून आलेला माणूस दुसऱ्या रविवारी परत का येतो, हे मालिकेने कळत नाही. 2023 च्या जानेवारीत मालक कंपनीने, या नियमांवर इतरांना आपलं काही काढू देणाऱ्या परवान्याच्या अटी आवळायचा घाट घातला, तर खेळणारे असे खवळले की त्याच महिन्यात मूळ नियम सगळ्यांना मोकळे करावे लागले. घरच्या भांड्यावर दुसऱ्याने नाव घालावं, तसा तो राग होता.

सामान तरी काय लागतं? हॉस्टेलवर आम्ही सुरू केलं तेव्हा फासेही नव्हते. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून मेसमधून ढापलेल्या स्टीलच्या वाटीत हलवायचो. आपण केवढे कंगाल, असं वाटायचं. पुढे वाचलं की 1979 मध्ये फासे कमी पडले, तेव्हा कंपनीनेच खोक्यात कापून घ्यायचे आकडे घातले होते. ती वाटी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात आता फासे असतात.

गेल्या रविवारी आत्या आमच्या मागे खुर्ची टाकून भाजी निवडत बसली होती. राक्षस आता आमच्याच टोळीत आहे आणि जमाखर्चाची वही ठेवतो. मध्येच ती म्हणाली, "पण ह्याला लिहायला-वाचायला कुणी शिकवलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शेवटची लोकल चुकेल, आज इथेच थांबू.