लुडेरिट्झचे रूळ आणि वाळूतले हिरे

नामिबियात राहायला आल्यापासून घरून दोन प्रश्न हमखास येतात. रस्त्यात सिंह दिसतात का, आणि हिरे स्वस्त मिळतात का? राजधानी विंडहुकच्या रस्त्यांवर सिंह नाहीत, टॅक्स्या आहेत. आणि हिऱ्याचं म्हणाल तर कच्चा हिरा विनापरवाना जवळ सापडला की इथे सरळ पोलीस केस होते. तेव्हा मावशी, कानातल्यांचं विसर! पण जिथे एके काळी लोक खरोखरच वाळूतून हिरे वेचायचे, तो मुलूख मात्र बघून आलोय.

देशाचा हा नैर्ऋत्य कोपरा. विंडहुकहून कीटमान्सहूपमार्गे लुडेरिट्झ बंदर ८०० किलोमीटरच्याही वर. आउस हे वाटेतलं शेवटचं गाव. त्यापुढचे सव्वाशे किलोमीटर ना पेट्रोल, ना सावली. गारुबच्या पाणवठ्यावर रानघोडे दिसतात. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या छावणीतून सुटलेले की कुणा जर्मनाच्या पागेतले, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. पण वाळवंटात ते शंभर वर्षं तग धरून आहेत. पुढे वाळूच्या टेकड्या थेट रस्त्यावर चढून येतात. 'वाळू' असा इशारा देणारी पाटी असते, आणि ती पाटी थट्टेने लावलेली नाही हे दोन मिनिटांत कळतं.

या सगळ्या वाटेवर बाजूने रेल्वेचे रूळ चालत राहतात. या मुलखाची खरी गोष्ट त्या रुळांवरच घडली.

एप्रिल १९०८. इथे तेव्हा जर्मनांची वसाहत होती. झकारायस लेवाला नावाचा मजूर रुळांवर साचलेली वाळू फावड्याने उपसत होता. तो आधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत राबलेला, त्यामुळे चमकणारा खडा त्याच्या नजरेतून सुटला नाही. त्याने तो आपल्या साहेबाला, ऑगुस्ट श्टाउखला दिला. श्टाउख दम्याचा रोगी, कोरडी हवा मानवेल म्हणून इकडे आलेला. त्याने गाजावाजा न करता आधी आजूबाजूच्या जमिनीचे हक्क स्वतःच्या नावावर करून घेतले आणि मग गुपित फोडलं. तो कोट्यधीश झाला, महामंदीत बुडाला आणि १९४७ मध्ये जर्मनीत कफल्लक अवस्थेत वारला. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. लेवालाला काय मिळालं? काहीही नाही.

त्याच वर्षी सरकारने ऑरेंज नदीपासून उत्तरेकडे आणि किनाऱ्यापासून १०० किलोमीटर आतपर्यंतचा पट्टा सील केला. त्याला 'श्पेरगेबीट' म्हणतात, म्हणजे प्रवेशबंद इलाका. सुमारे २६,००० चौरस किलोमीटर. सातारा आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी थोडे कमीच भरतील.

आता वाळूत हिरे आले कुठून? खाणी तर शेकडो किलोमीटर आत. ऑरेंज नदीने ते कोट्यवधी वर्षं वाहत समुद्रात आणले. लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने उत्तरेला ढकलले आणि वाऱ्याने पुन्हा वाळवंटात उडवले. एवढ्या प्रवासात भेगाळलेले, कमकुवत खडे फुटून जातात, टिकतात ते बिनदोष. म्हणून इथले ९० टक्क्यांहून जास्त हिरे दागिन्यांत बसवण्याच्या लायकीचे असतात. पोमोनाजवळच्या एका दरीत तर म्हणे चंद्रप्रकाशात ते नुसते लुकलुकत पडलेले असायचे. सुरुवातीच्या फोटोंमध्ये मजूर एका ओळीत पोटावर सरपटत वाळू चाचपताना दिसतात. तोंडाला फडकं बांधलेलं आणि मागे पांढऱ्या कपड्यांतला मुकादम.

लुडेरिट्झच्या थोडं अलीकडे कोलमनस्कोप आहे. वाळूने भरलेल्या खोल्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते याच गावातले. ऐन वाळवंटात जर्मनांनी बेकरी, खाटीकखाना, बर्फाचा कारखाना, नाच-नाटकाचा हॉल आणि चेंडूने लाकडी बाहुल्या पाडायच्या खेळाची गल्ली असं सगळं उभं केलं होतं. गोडं पाणी केपटाउनहून जहाजाने यायचं. इस्पितळात एक्स-रे यंत्र होतं. हाडं बघायला, आणि मजुरांनी गिळलेले हिरे बघायलाही, असं सांगतात.

एका घरात शिरलो. दार अर्धं वाळूत रुतलेलं, त्यामुळे कडेने अंग चोरून आत जावं लागतं. भिंतीला कमरेच्या उंचीवर साच्याने काढलेली वेलबुट्टी, हिरवी आणि विटकरी, काल काढल्यासारखी. तिच्या खाली वाळूची चढण सुरू होते आणि पलीकडच्या खोलीत थेट चौकटीच्या वरच्या लाकडाला टेकते. पाय घोट्याच्या वर रुतत होते. वाळूवर आमच्या पावलांआधीच कुणाच्या तरी सरपटण्याची नागमोडी रेघ होती. बायको म्हणाली, "आपण बाहेरूनच फोटो काढूया." मलाही पटलं.

१९२८ मध्ये दक्षिणेला ऑरेंजच्या मुखाजवळ याहून भारी साठे सापडले. मग गाव हळूहळू रिकामं होत गेलं, १९५६ पर्यंत शेवटची कुटुंबंही निघून गेली. बाकीचं काम वाऱ्याने केलं.

कोलमनस्कोपचे फोटो इतके देखणे येतात की लोक तेवढंच बघून परततात, आणि मला खटकतं ते हेच. लेवाला ज्यावरची वाळू उपसत होता, तो लोहमार्ग घातला कुणी? १९०४ पासून हेरेरो आणि नामा लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केले. ते चिरडल्यावर उरलेल्या बायकापोरांसकट सगळ्यांना छावण्यांत कोंडलं. त्यातली सर्वांत भयंकर छावणी लुडेरिट्झला लागून असलेल्या शार्क बेटावर होती. तिथले कैदी या रुळांच्या कामावर जुंपले. जर्मनांच्याच नोंदीप्रमाणे जानेवारी १९०६ ते जून १९०७ या काळात २,०१४ कैदी कामावर होते, त्यातले १,३५९ मेले. नामांचा पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्सही १९०७ मध्ये याच बेटावर मेला.

बेट आता भरावाने जमिनीला जोडलंय आणि त्यावर चक्क तंबू ठोकून राहायची जागा आहे. फ्रेडरिक्सच्या स्मरणार्थ दगड आहे, आणि तिथेच आडोल्फ लुडेरिट्झचंही स्मारक आहे. हा ब्रेमेनचा व्यापारी. १८८३ मध्ये त्याच्या माणसाने नामा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्सकडून किनारपट्टी विकत घेतली. करार मैलांत झाला. विकणाऱ्याच्या डोक्यात १.६ किलोमीटरचा इंग्रजी मैल, घेणाऱ्याने मोजला साडेसात किलोमीटरचा जर्मन मैल. इंग्रजांचे तह-करारनामे शाळेत शिकलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जर्मनीने हा वंशसंहार होता असं २०२१ मध्ये मान्य केलं, पण देऊ केलेली रक्कम आणि तिचं स्वरूप अनेक हेरेरो-नामा नेत्यांना मान्य नाही. २०२५ पासून २८ मे हा दिवस इथे वंशसंहार स्मृतिदिन म्हणून पाळतात.

गाव म्हणून लुडेरिट्झ गोड आहे. रंगीत जर्मन घरं, खडकावर बांधलेलं १९१२ चं चर्च, त्यात जर्मन सम्राट कैसरने भेट दिलेली काचेची खिडकी. बंदरावर कालवं आणि शेवंड मिळते. कोकणातल्या वाचकांनो, मसाला घरून न्या, इथे लिंबू पिळून तसंच समोर ठेवतात. जवळच्या दियाझ पॉइंटवर क्रॉस आहे. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाशने तिथे पोर्तुगीज खांब रोवला होता.

पोर्तुगीजांवरून आठवलं. २००८ मध्ये ऑरेंजच्या मुखाजवळच्या ओरान्येमुंड या खाणीच्या शहराजवळ खाणीसाठी समुद्र बांध घालून मागे हटवला, तर तळात जहाज सापडलं. दोन हजारांहून जास्त सोन्याची नाणी, तांब्याच्या लाद्या, हस्तिदंत. हे बहुधा १५३३ मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानला निघालेलं 'बॉम जेझुस'. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिरी खरेदी करायला निघालेला पैसा हिऱ्यांच्या वाळूत पाचशे वर्षं पडून राहिला, आणि तिथे कुणाला पाय ठेवायची परवानगी नव्हती म्हणूनच लुटीतून वाचला. ओरान्येमुंड शहर २०१७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, पण खाणीच्या कुंपणाआड गेलेली यंत्रं आणि गाड्या आजही बाहेर येत नाहीत. जुन्या झाल्या की आतच गंजतात, कारण हिरा कशात लपवलाय ते कोण शोधत बसणार!

कुणी येणार असाल तर आउसला टाकी भरा आणि कोलमनस्कोपला सकाळीच जा, दुपारी एकनंतर साधं तिकीट चालत नाही आणि वाराही सुटतो. श्पेरगेबीटचा बराचसा भाग आता राष्ट्रीय उद्यान आहे. बोगनफेल्सची ५५ मीटर उंच दगडी कमान त्यातच येते, पण तिथे परवानाधारक गाइडबरोबरच जाता येतं आणि परवान्यासाठी पासपोर्टची प्रत आधीच पाठवावी लागते. आम्ही ती पाठवून ठेवली आहे.